यंत्राचें मुखत्यारपत्र

दिवाळी सरली कीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाटच्या बाजारांत कापसाच्या गाड्या लागूं लागतात. अशा ऐन हंगामांत एखाद्या जिनिंग कारखान्याच्या कचेरीची कल्पना करावी. दिवसभराच्या वजनाच्या पावत्या संगणकांत सांठलेल्या आहेत; प्रत्येकीला शेतकऱ्याचें नांव व तारीख देऊन ती योग्य कप्प्यांत ठेवावयाची आहे. कारकून हें काम कृत्रिम बुद्धीच्या एजंटाकडे सोंपवून घरीं जातो. सकाळीं सर्व पावत्या ओळीनें लावलेल्या दिसतात. परंतु एका शेतकऱ्यानें त्या दिवशीं दोन गाड्या आणल्या होत्या. दोन्ही पावत्यांना एकच नांव पडलें आणि दुसरी पहिलीच्या जागीं बसली. कोणीं कांहीं चोरलें नाहीं. तरी एका गाडीभर कापसाचा पुरावा नाहींसा झाला.

हें कसें घडूं शकतें? स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठीं क्रमवार लिहून ठेवलेल्या आज्ञा: ही फाईल उघड, हा आंकडा वाच, तो तेथें लिही. विंडोजवर पॉवरशेल, मॅकवर १९९३ पासून ॲपलस्क्रिप्ट, अशीं तिचीं साधनें आहेत. स्क्रिप्टला स्वतःची बुद्धि नसते. पण काल केलें तेंच ती आज करते. एजंटाचें तसें नाहीं. त्याला साध्या भाषेंत हेतु सांगितला कीं तो आज्ञा स्वतः रचतो, चालवितो, परिणाम वाचतो आणि पुढलें पाऊल ठरवितो. ऑक्टोबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें तर पडद्याचें चित्र पाहून माउस व कळफलक चालविण्याची सोय चाचणीसाठीं खुली केली. एकाच कामासाठीं एजंट आज एक मार्ग घेईल, उद्यां दुसरा.

यांतून दोन धोके संभवतात. पहिला अधिकाराचा. मॅकवर एका प्रोग्रॅमला दुसरा चालवावयाचा असला तर मालकाची परवानगी विचारली जाते. पण ती परवानगी त्या प्रोग्रॅमला मिळते, हातांतील कामापुरती नव्हे; काम संपलें तरी काढून घेईपर्यंत ती कायम राहते. कायद्याच्या भाषेंत हें आममुखत्यारपत्रच झालें. दुसरा धोका फसवणुकीचा. मालकाची आज्ञा आणि वाचावयास दिलेला मजकूर हीं दोन्ही एजंटापुढें अक्षरांच्या एकाच प्रवाहांत येतात, आणि त्यांतील भेद त्याला खात्रीनें ओळखतां येत नाहीं. बाहेरून आलेल्या एखाद्या पत्रांत कोणीं ‘सर्व हिशेब अमुक पत्त्यावर पाठवा’ असें दडवून लिहिलें, तर तीही आज्ञाच समजून तो पाळण्याचा संभव असतो.

यंत्राला कोणत्या अटींवर घरांत घ्यावें, हा विचार वर्ध्याला नवा नाहीं. १९३४ सालीं येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि कुमारप्पांच्या देखरेखीखालीं मगनवाडींत खेड्यांतील उद्योगांचीं साधनें सुधारण्याचे प्रयोग चालले. तेथील मगन संग्रहालय गांधीजींनीं ३० डिसेंबर १९३८ रोजीं उघडलें. त्याही आधीं, १९२९ सालीं, चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें, तेव्हां अटी अगोदरच लिहून दिल्या होत्या: किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी; चरखा खेड्यांतील झोपडींत चालावा; स्त्रीला तो आठ तास फारसे श्रम न होतां चालवितां यावा. तें पारितोषिक कोणालाच मिळालें नाहीं. यंत्र हातीं येण्यापूर्वींच त्याची मर्यादा लिहावी, ही रीत मात्र आजही उपयोगी आहे.

त्या रीतीनें एजंटाला खास मुखत्यारपत्र द्यावें. त्याच्यासाठीं संगणकावर वेगळें खातें असावें. त्यांत बँक व टपाल उघडलेलें नसावें. मूळ पावत्यांऐवजीं त्यांची नक्कल द्यावी. काम करण्यापूर्वीं जुनीं व नवीं नांवें शेजारींशेजारीं मांडलेली यादी मागावी. वरील उदाहरणांत तीं दोन सारखीं नांवें तेथेंच नजरेस पडलीं असतीं. पुसणें, पाठविणें व पैसे देणें हीं मागें न घेतां येणारीं कामें प्रत्येक वेळीं माणसाच्या संमतीनेंच व्हावीं. क्षुल्लक गोष्टींसाठीं मात्र संमति मागवूं नये. शंभरदां विचारलें म्हणजे माणूस न वाचतांच ‘होय’ दाबतो. आणि काम रोज तेंच असेल, तर एजंटाकडून स्क्रिप्ट एकदांच लिहवून घ्यावी, जाणत्याकडून तपासावी, आणि पुढें एजंटावांचून तीच चालवावी. एजंटाची चतुराई लिहिण्याच्या वेळीं कामास येते. रोजच्या कामाला स्क्रिप्टचा एकसारखेपणा पुरतो.

दुसऱ्या गाडीचे पैसे मागावयास शेतकरी येईल, तो कारकुनाच्या मेजापाशींच. म्हणून कचेरीला कुलूप लावण्यापूर्वीं ती यादी कारकुनानें एकदां स्वतःच्या डोळ्यांखालून घालावी.