वेबसाइट बनवायला शिकायचंय? आधी जकातीचा हिशोब करून बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आमच्याकडे येतात. "सर, मुलाला वेब डिझाइनच्या कोर्सला घालू का? फी बरीच आहे, पण लगेच नोकरी लागेल म्हणतात." कधी कधी त्या फीसाठी अम्मीचे दागिने गहाण ठेवायची तयारी झालेली असते. आमचं म्हणणं एवढंच असतं, की पैसे भरण्याआधी दोन महिने घरी करून बघू द्या. मुलगी असेल आणि क्लास लांब असेल, तर हे जास्तच लागू.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचा पाया शिकायला जुना कॉम्प्युटर, त्यातलं नोटपॅड आणि ब्राउझर पुरतं. एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्पवरचे धडे मोफत आहेत. ते इंग्रजीत आहेत खरे, पण लागणारे शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात.

आम्ही मुलांना पहिलं काम देतो ते जकातीचा हिशोब करणाऱ्या पानाचं. वर शीर्षक, खाली रोख रक्कम आणि सोन्याची किंमत लिहायला दोन चौकटी, मग एक बटण. पानावर काय काय असेल हे सांगतं एचटीएमएल. रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे सीएसएसचं काम. आणि बटण दाबल्यावर हिशोब करून आकडा दाखवायचा, ते जावास्क्रिप्टकडे. (जावा ही वेगळी भाषा आहे. नावावरून कोर्सची चुकीची निवड करणारे आम्ही पाहिलेत.)

जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये अवघ्या 10 दिवसांत लिहिली. तिच्या काही खोडी आजही टिकून आहेत, आणि आमच्या जकातीच्या पानावर त्यातली एक हमखास भेटते. समजा रोख 3,00,000 आणि सोनं 1,00,000 रुपयांचं. बेरीज 4,00,000, तिचा चाळिसावा भाग म्हणजे 10,000. पण मुलांच्या पानावर जकात निघते 750 कोटी 2 हजार 500 रुपये! वर्गात हशा पिकतो. कारण असं, की चौकटीत लिहिलेलं सगळं जावास्क्रिप्ट आधी मजकूर समजते. मजकुरामध्ये अधिकचं चिन्ह आलं की ती बेरीज करत नाही, दोन्ही एकापुढे एक चिकटवते. 300000 ला 100000 चिकटले, आणि त्याला 40 ने भागलं. दोन्ही रकमांना आधी 'नंबर' करून घेतलं की उत्तर बरोबर येतं. ही चूक स्वतः शोधून काढायला एका मुलाला तीन दिवस लागले. पण नंतर ती कधी झाली नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण असते. उर्दू मजकूर उजवीकडे सरकवला की काम झालं असं वाटतं. पण वाक्यात मध्येच मराठी शब्द आला, की त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग जागा बदलतो आणि वाक्याचा अर्थच लागत नाही. त्यासाठी एचटीएमएलमध्येच मजकुराची दिशा, म्हणजे 'डीआयआर', 'आरटीएल' करावी लागते. अक्षरांसाठी नोटो नस्तालिक उर्दू हा फाँट मोफत मिळतो. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

एवढ्यावर नोकरी मिळते का? नाही. त्याला पुढे बरंच शिकावं लागतं. पण मुलाला यात गोडी आहे की फक्त मोबाइलची, हे दोन महिन्यांत नक्की कळतं. मग कोर्स घ्यायचाच असेल, तर तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी बनवलेली पानं दाखवा म्हणावं. टाळाटाळ झाली तर फी भरू नका.

जकातीचं पान मात्र अजून अर्धंच आहे. रक्कम निसाबपेक्षा कमी असेल तर जकात शून्य दाखवायची, ही अट त्यात घालायचीय. चांदीचा निसाब साधारण 612 ग्रॅम धरतात. कोणता निसाब घ्यायचा ते आपल्या इमामसाहेबांना विचारून मगच मुलांनी अट लिहावी.