प्रेशर असलेल्यांनी कॉफी प्यावी का?



"डॉक्टरांनी प्रेशर आहे म्हणून सांगितलं, आता कॉफी सोडायची काय?" असं संस्थेत येणारे बरेच जण विचारतात. ट्रॉलरवर रात्र काढायची तर काळी कॉफी लागतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉफीत कॅफीन असतं. प्यायल्यावर अर्ध्या तासात रक्तवाहिन्या आवळतात आणि प्रेशर चढतं. सवय नसलेल्या माणसाचा वरचा आकडा ५ ते १० ने वाढू शकतो आणि दोन-तीन तास तसाच राहतो. रोज पिणाऱ्याच्या अंगाला मात्र ते सवयीचं होतं, चढ कमी दिसतो. त्यामुळे रोजच्या एक-दोन कपांनीच प्रेशर जडलं असं कुणी म्हणू नये. मीठ, तंबाखू, दारू, जागरण यांचा वाटा मोठा. खारं सुकं मासं दोन्ही वेळेला खायचं आणि दोष कॉफीला द्यायचा, हे काही बरोबर नाही!

पण ज्यांचं प्रेशर फारच जास्त आहे त्यांची गोष्ट वेगळी. जपानमध्ये ४० ते ७९ वयाच्या १८ हजारांहून जास्त लोकांवर जवळजवळ १९ वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आला. ज्यांचं प्रेशर १६०/१०० किंवा त्याहून वर होतं आणि जे दिवसाला दोन किंवा जास्त कप कॉफी पीत होते, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका कॉफी न पिणाऱ्यांच्या दुप्पट दिसला. एका कपाने तसा धोका वाढलेला दिसला नाही, आणि ग्रीन टी पिणाऱ्यांतही नाही. प्रेशर १६०/१०० च्या खाली असलेल्यांत कॉफीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. यावरून कॉफीनेच माणसं गेली असं सिद्ध होत नाही, पण वरच्या आकड्याच्या माणसाने एका कपावर थांबावं हे बरं.

आता अडचण अशी की आपला आकडा किती हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रेशर दुखत नाही, खुपत नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी धक्क्याला असतात, तेव्हा आरोग्य केंद्रात जाऊन मोजून घ्या. जायच्या आधी अर्धा तास कॉफी, चहा, बिडी नको. पाच मिनिटं गप्प बसा, मगच पट्टा बांधून घ्या. गप्पा मारत मोजलं तर आकडा खोटा येतो.

निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं असं मानतात. मोठा कप कडक कॉफी म्हणजे साधारण १०० धरा, चहा त्याच्या निम्म्याहून कमी. डब्यातलं एनर्जी ड्रिंकही यात मोजा, तरुण खलाशी ते पाण्यासारखं पितात.

ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी ती कॉफीच्या भरवशावर सोडू नये. आठ दिवसांची फेरी असेल तर दहा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट डबीत घालून केबिनमध्ये ठेवा, आणि तांडेलला सांगून ठेवा. वहिनींनी सामान भरताना ती डबी एकदा बघावी. समुद्रात कुणाचं तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर कॉफी पाजत बसू नका. व्हीएचएफच्या १६ नंबरवर लगेच हाक द्या, रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा.