घरातील मुसळ आणि कायद्यातील कलम

जिंतूर तालुक्यात काठीवाचून शेतावर जाणारा कुणबी विरळा, आणि ज्वारीची राखण गोफणीवर चालत आलेली. ज्यांच्या हाती ही साधने पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांसच, अंगावर चालून आलेल्या माणसापुढे ती उगारण्याचा आपणास अधिकार आहे की नाही याची शंका असावी, हे चमत्कारिक होय. ‘उद्या खटला आपल्यावरच झाला तर?’ असे रोकड घेऊन रात्री परतणारा व्यापारी विचारतो. बायका तेवढेही विचारीत नाहीत. सोसणे हाच धर्म, असे त्यांस शिकविण्यात आले आहे.

शंकेचे मूळ जुने आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने इंग्रजांनी आपल्या मुलखातील प्रजेस निःशस्त्र केले. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण येईपर्यंत रझाकारांनी मराठवाड्यातील खेडी गांजून सोडली होती, आणि ज्याच्या घरी बंदूक नव्हती त्यास कुऱ्हाड व काठी यांवाचून आधार नव्हता.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मात्र केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी बनविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या, आणि उदाहरणादाखल लाठी व साधी हातकाठी यांची नावेच घातली. संरक्षणाचा अधिकार तर १८६० च्या दंडसंहितेपासून चालत आला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत सापडेल. तो स्वतःच्या देहापुरताच नाही. शेजारणीवर हात टाकणाऱ्यास अडविणाराही त्याचा धनी होतो. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका मामल्यात, अल्पवयीन मुलीवर अत्याचार करणाऱ्या इसमास बापाने हाती आलेल्या फावड्याने मारले व तो इसम दगावला. न्यायालयाने बापाचा बचाव मान्य केला.

परंतु हा अधिकार मोकाट नव्हे. बचावास लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर अधिकारच उरत नाही. हल्ला सोडून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला तडाखा म्हणजे सूड. म्हणून विळीपेक्षा मुसळ बरे, मुसळापेक्षा छत्री बरी, आणि सर्वांहून बरी आरोळी! विळी हिसकावली गेली तर तिची धार आपल्याच अंगावर फिरते. शिवाय धारेच्या जखमेचा जाब कोर्टात अधिक कडक द्यावा लागतो. छत्रीचे टोक पुढे रोखले की दोन हातांचे अंतर राहते, आणि निसटण्यास तेवढे पुरते. मूठभर तिखटाची महती पुष्कळ सांगतात, पण वारा समोरून असेल तर डोळे आपलेच जातील.

मुलींच्या शाळांनी कवायतीच्या तासास धरलेले मनगट सोडविणे शिकवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाण्याचे हंडे वाहणाऱ्या हातांस दुर्बळ म्हणण्याचे धाडस आम्हास तरी होत नाही.

प्रसंग गुदरल्यावर ११२ या क्रमांकावर कळवावे. हातातली वस्तू धुऊन ठेवू नये, आहे तशी पोलिसांच्या हवाली करावी. अंगावरचे वळ त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून दाखला घ्यावा. बचाव दाखविण्याचा भार आरोपीवर असला तरी तो संभवनीयतेपुरताच असतो, आणि तेथे हा दाखला फार कामी येतो.