शाळेचा कारभार आणि अनुभवी शिक्षकाची जागा

अमेरिकेतील बहुतेक गावांत आणि शहरांत सार्वजनिक शाळांचा कारभार पाहण्यासाठी नागरिक मतदान करून स्वतंत्र शिक्षण मंडळ निवडतात, आणि तीस-पस्तीस वर्षे अध्यापन केलेली व्यक्ती निवृत्तीनंतर त्या मंडळाच्या जागेसाठी उभी राहते यात तेथे कोणाला नवल वाटत नाही. छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाला किंवा प्राध्यापिकेला तशीच इच्छा झाली, तर पहिली अडचण अशी की ज्या मंडळात जाऊन बसायचे ते मंडळच अस्तित्वात नाही. शाळांविषयीचे निर्णय येथे महानगरपालिका, जिल्हा परिषद, खासगी शिक्षण संस्था, प्रत्येक शाळेची व्यवस्थापन समिती आणि मंत्रालय यांच्यात विखुरलेले आहेत, आणि या प्रत्येक ठिकाणी अनुभवी शिक्षकाला मिळणारी जागा वेगळ्या स्वरूपाची, वेगळ्या वजनाची आहे.

महाराष्ट्राला शिक्षण मंडळ ही कल्पना मुळीच अपरिचित नाही. इंग्लंडात १८७० च्या कायद्याने लोकनियुक्त शाळा मंडळे आली आणि १९०२ मध्ये ती मोडीत निघाली. याच काळात मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण कोणाच्या हाती असावे हा वाद सुरू होता. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, तेव्हा मुलींच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या शाळा चालवण्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारचा पैसा उच्च शिक्षणाकडे वळतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, ही तक्रार त्यांनी ठामपणे मांडली. शिक्षणातील जाणत्या माणसाने स्थानिक संस्थेत बसून काय करावे याचे मराठी मुलखातील हे बहुधा सर्वांत जुने ठळक उदाहरण असावे, आणि तेही निवडून आलेल्या नव्हे तर नियुक्त सदस्याचे आहे. पुढे १९२३ च्या कायद्याने इलाख्यातील प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवले गेले आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने जिल्हा शाळा मंडळे व नगरपालिका शिक्षण मंडळे यांची घडी बसवली. या मंडळांचे सदस्य थेट जनतेतून निवडले जात नसत. ते प्रामुख्याने स्थानिक संस्थेच्या लोकप्रतिनिधींनी निवडून दिलेले असत आणि काही शासनाने नेमलेले असत. त्यामुळे मंडळावर जाण्यासाठी वर्गातील अनुभवापेक्षा सभागृहातील पक्षबळ अधिक उपयोगी पडे, हे उघडच होते.

मराठवाड्याच्या वाट्याला हा इतिहासही आला नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, प्राथमिक शाळा थेट सरकारी खात्याच्या होत्या, वरच्या वर्गांत उर्दूचे वर्चस्व होते आणि खासगी शाळा काढायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. मतपेटी नाही, मंडळ नाही, अशा स्थितीत येथील शिक्षकाचे सार्वजनिक जीवन शिक्षण संस्थेच्या आडोशाने वाढले. १९१५ मध्ये औरंगाबादेत सुरू झालेली सरस्वती भुवन शिक्षण संस्था, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही नुसती शिकवण्याची ठिकाणे नव्हती, तर राजकीय जाणिवेची केंद्रेही होती. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे अध्यापन केले, त्यातूनच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वाकडे गेले, आणि १९५७ मध्ये औरंगाबादचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत निवडून आले. मुक्तिसंग्रामातील दुसरे नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी त्यानंतरचा मोठा काळ सरस्वती भुवन संस्थेच्या उभारणीत घालवला. शिक्षक संसदेत गेला, शिक्षकाने संस्था चालवली, पण गावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची खुर्ची मधल्या पायरीवर कधी नव्हतीच, आणि ती उणीव या भागात आजही भरून निघालेली नाही.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ मध्ये झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्या शिक्षण समितीकडे गेले. शिक्षण समिती म्हणजे जिल्हा परिषदेच्या विषय समित्यांपैकी एक. तिचा सभापती निवडून आलेला सदस्य असतो आणि शिक्षणाधिकारी तिचे सचिव म्हणून काम पाहतात. औरंगाबाद शहरात ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली आणि तिच्या मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळा महापालिका प्रशासनाच्या अखत्यारीत राहिल्या. राज्यातील इतर शहरांत जी शिक्षण मंडळे उरली होती, तीही शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१३ मध्ये कायद्यात बदल करून संपवण्यात आली. अधिकार आयुक्त आणि सर्वसाधारण सभेकडे गेले. या मंडळांतील गणवेश आणि साहित्यखरेदीच्या तक्रारी पाहता त्यांच्याविषयी फारसे कोणी हळहळले नाही, तरीही केवळ शाळांचाच विचार करण्यासाठी भरणारी एक बैठक त्यांच्याबरोबर गेली, ही गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाही.

मग अनुभवी शिक्षकाने महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक लढवावी, असा सरळ मार्ग सुचतो. परंतु जिल्हा परिषदेचा वा महापालिकेचा शिक्षक सेवेत असेपर्यंत निवडणूक लढवू शकत नाही, प्रचारही करू शकत नाही. खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचे नियम त्या मानाने सैल आहेत. गंमत अशी की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला जी मोजकी अशैक्षणिक कामे देता येतात त्यांत जनगणना आणि आपत्ती निवारण यांबरोबर निवडणुकीचे काम आहे, म्हणजे ज्या निवडणुकीला उभे राहता येत नाही तिच्या याद्या दुरुस्त करणे, मतदान केंद्र सांभाळणे आणि रात्री यंत्रे जमा करणे हे त्याच्याच गळ्यात पडते. त्यातच शहराच्या महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपल्यावर पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली आणि जिल्हा परिषदेवरही मार्च २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासक होते, त्यामुळे या वर्षांत निवृत्त झालेल्या शिक्षकाला उभे राहण्यासाठी निवडणूकच नव्हती. महापालिकेत स्वीकृत नगरसेवक, म्हणजे मतदानाने नव्हे तर विशेष ज्ञानाच्या आधारे नेमलेला सदस्य, अशी एक तरतूद आहे आणि नियमांत ज्या पात्रता सांगितल्या आहेत त्यांत शिक्षणतज्ज्ञाचा समावेश आहे. परंतु अशा सदस्याला सभेत बोलता येते, मत देता येत नाही, आणि प्रत्यक्षात ही पदे पक्षांच्या संख्याबळानुसार वाटली जातात.

शाळेच्या सर्वांत जवळ असलेल्या जागांकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. खासगी शाळांतील सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीनुसार प्रत्येक खासगी शाळेत शाळा समिती असते. तीत संस्थेचे चार प्रतिनिधी, पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक आणि कायम शिक्षकांपैकी एक जण असतो. हा शिक्षक निवडून येत नाही, सेवाज्येष्ठतेच्या यादीतून पाळीपाळीने एका वर्षासाठी येतो. म्हणजे अनुभवाला येथे जागा आहे, पण चार विरुद्ध एक अशी, आणि आवाज सापडेपर्यंत पाळी संपणारी.

जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि राज्याच्या नियमांनुसार १२ ते १६ जणांच्या या समितीचे अध्यक्षपद पालकांकडेच जाते. उरलेल्या चतुर्थांशात स्थानिक प्राधिकरणाचा सदस्य, शाळेतील शिक्षक आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ अशी विभागणी आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कायदेशीर कामे होत. वर ज्या निवृत्त मुख्याध्यापकाची किंवा प्राध्यापिकेची कल्पना केली आहे, त्यांच्यासाठी शिक्षणतज्ज्ञाची ही एक खुर्ची सर्वांत योग्य ठरावी: संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून दरवर्षी ठरणारी शिक्षकांची मंजूर पदे, कशी मोजली जाते, पट घटला की कोणता शिक्षक अतिरिक्त ठरतो, गटशिक्षणाधिकाऱ्याकडे कोणता प्रस्ताव कोणत्या महिन्यात जायला हवा, हे पालकांना ठाऊक नसते आणि अशा व्यक्तीला तोंडपाठ असते. प्रत्यक्षात ती खुर्ची पुष्कळदा कागद पूर्ण करण्यासाठी भरली जाते, आणि तिच्यासाठी कोणी इच्छुक असल्याचे क्वचितच ऐकू येते. या व्यवस्थेतील हा सर्वांत मोठा अपव्यय म्हणावा लागेल.

इच्छुकांची गर्दी होते ती शाळेपासून सर्वांत दूर असलेल्या जागेसाठी. संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेच्या सुमारे एक बारांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात. महाराष्ट्रात ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत आणि त्यांपैकी औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघात मराठवाड्याचे आठही जिल्हे येतात. मतदार कोण, याची व्याख्या काटेकोर आहे: माध्यमिक शाळेपेक्षा कमी दर्जा नसलेल्या संस्थेत मागील सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षे अध्यापन केलेले असावे. परिणामी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेला शिक्षक या मतदारसंघात मतदारच नाही. मराठवाड्यात जिल्हा परिषदांची माध्यमिक विद्यालयेही आहेत, त्यामुळे त्याच जिल्हा परिषदेचा हायस्कूलमधील शिक्षक मतदार ठरतो आणि शेजारच्या प्राथमिक शाळेतील त्याचा सहकारी ठरत नाही. वाचायला शिकवणाऱ्याला शिक्षक म्हणून मत नाही, या तरतुदीचे समर्थन आज करणे कठीण आहे.

मतदानाची रीतही वेगळी आहे. मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते, नाव आणि छायाचित्र असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच नावापुढे पसंतीचा क्रमांक लिहायचा असतो, आणि बरोबरची खूण केली किंवा ‘एक’ असा शब्द लिहिला तर मत बाद होते. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेलेल्या मतदारांचीही मते या कारणांनी बाद होतात, ही प्रत्येक मतमोजणीतील ठरलेली बाब आहे. वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक हा विजयाचा कोटा असतो. तो पहिल्या पसंतीत कोणी गाठला नाही तर तळाचे उमेदवार एकेक करून वगळले जातात आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटल्या जातात. ३० जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत असेच घडले. राष्ट्रवादी काँग्रेसचे विक्रम काळे, भाजपचे किरण पाटील आणि मराठवाडा शिक्षक संघाचे सूर्यकांत विश्वासराव यांच्यात लढत झाली आणि काळे चौथ्यांदा निवडून आले. त्यांचे वडील वसंतराव काळे यांनीही याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले होते. पक्षाचे पाठबळ नसलेल्या शिक्षक संघटनेच्या उमेदवाराने दोन मोठ्या पक्षांशी दिलेली झुंज ही त्या निवडणुकीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट होती.

प्रचाराचे विषय मात्र शिक्षणाचे कमी आणि शिक्षकांचे अधिक होते: १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन, अंशतः अनुदानित शाळांना पुढील टप्प्याचे अनुदान, रखडलेले वेतन. यात गैर काही नाही, कारण वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा अर्ध्या पगारावर शिकवणाऱ्या माणसाने गुणवत्तेवर भाषण ऐकावे ही अपेक्षाच निर्दय आहे. परंतु मुलांना वाचता येते की नाही हा प्रश्न ज्या सभागृहात शिक्षकांचा प्रतिनिधी मांडू शकतो, तेथे तो मतांच्या हिशेबात मागे पडतो.

उमेदवार स्वतः शिक्षक असावा, अशी अट येथे कोठेही नाही, हे अनेक वाचकांना आश्चर्याचे वाटेल. वय तीस वर्षे पूर्ण असावे आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असावे, एवढेच कायदा मागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये नारायणस्वामी विरुद्ध पन्नीरसेल्वम या मद्रासमधील खटल्यात पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार पदवीधर असण्याची गरज नाही, असा निर्णय दिला, आणि तोच तर्क शिक्षक मतदारसंघालाही लागू पडतो. पत्रकारितेतून आलेले कपिल पाटील मुंबई शिक्षक मतदारसंघातून २००६ पासून सलग तीनदा निवडून आले, आणि शिक्षकांचे प्रश्न त्यांनी हिरिरीने मांडले. अध्यापनाचा अनुभव ही पात्रता नाही, ती फार तर शिफारस आहे.

औरंगाबाद विभागाच्या या जागेची सहा वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२९ मध्ये संपेल. या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी पूर्णपणे नव्याने तयार होते, मागील यादीतील नाव आपोआप पुढे येत नाही, आणि नमुना १९ भरून संस्थाप्रमुखाच्या प्रमाणपत्रासह पुन्हा अर्ज करावा लागतो. निवृत्त होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला शिक्षक त्या यादीत येऊ शकत नाही. त्याला उमेदवारी अर्ज भरता येईल, निवडूनही येता येईल. स्वतःला मत देता येणार नाही, आणि अर्जावर सूचक म्हणून सह्या करण्यासाठी त्याला यादीतील दहा शिक्षक शोधावे लागतील.