दोन कुळांचा वारस : जोसेफ मुरुंबी



विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक गोमंतकीय ख्रिस्ती तरुण उदरनिर्वाहासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. पीटर झुझार्ते हे त्यांपैकीच एक व्यापारी. केनियात त्यांनी मसाई जमातीच्या एका धर्मप्रमुखाच्या कन्येशी संसार केला. १९११ साली जन्मलेला त्यांचा पुत्र जोसेफ पुढे त्या देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. त्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

वडिलांनी जोसेफला बालपणीच शिक्षणासाठी भारतात धाडले. बंगळूर व बळ्ळारी येथील कॅथलिक शाळांत तो शिकला. मायदेशी परतल्यावर मात्र एक प्रश्न उभा राहिला. ब्रिटिश अमलाखालील केनियात गोरे वर, आशियाई मध्ये आणि आफ्रिकन तळाशी, अशी उतरंड होती. झुझार्ते या नावाने मधली पायरी सहज मिळाली असती. जोसेफने आईकडचे 'मुरुंबी' हे नाव स्वीकारले आणि तळाच्या लोकांत आपले स्थान निश्चित केले.

१९५२ मध्ये जोमो केन्याटा व त्यांचे सहकारी तुरुंगात गेल्यावर केनिया आफ्रिकन युनियनची धुरा मुरुंबींनी काही काळ सांभाळली. पुढे कित्येक वर्षे ते इंग्लंडमध्ये विजनवासात राहिले व तेथून स्वातंत्र्याची बाजू मांडत राहिले. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९६४ च्या अखेरीस ते परराष्ट्रमंत्री, तर मे १९६६ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले.

परंतु २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे जिवलग मित्र पियो गामा पिंटो यांची नैरोबीत गोळ्या घालून हत्या झाली होती. गोमंतकीय कुळातील पिंटो हे भूमिहीन गरिबांचे कैवारी होते. त्या हत्येने मुरुंबी खोलवर दुखावले. उपराष्ट्राध्यक्षपद त्यांनी काही महिन्यांतच, १९६६ सालीच, सोडले. कारण प्रकृतीचे देण्यात आले. राजकारणाविषयीचा भ्रमनिरासही त्यामागे होता, असे मानले जाते. उर्वरित आयुष्य त्यांनी आफ्रिकेची कला, ग्रंथ व कागदपत्रे जतन करण्यात वेचले. तो संग्रह आज केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९९० मध्ये ते निवर्तले. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये, मित्र पिंटोच्या कबरीनजीक, ते चिरविश्रांती घेत आहेत.

आमच्या कळमेश्वरातही कामधंद्यानिमित्त दूरदूरची कुटुंबे येऊन वसली आहेत. त्यांच्या मुलाबाळांना 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारताना मुरुंबींचे स्मरण ठेवावे. तसेच धर्मग्रामाच्या समितीपासून विधिमंडळापर्यंत कोणतेही पद भूषविताना, सदसद्विवेकबुद्धी त्या पदाहून मोठी आहे, हेही आपण विसरू नये.