जुनी ‘लक्झरी एसयूव्ही’ घेण्यापूर्वी

इगतपुरीहून मुंबईकडे उतरायला कसारा घाट आहे आणि ५ जून २०२५पासून समृद्धी महामार्गही. या दोन्हींसाठी फोर-व्हील ड्राइव्हची गरज नाही. ती लागते पावसाळी चिखलात आणि शिवारातल्या कच्च्या वाटेवर.

फोर-व्हील की ऑल-व्हील? ‘लो-रेंज’ गिअर असलेली फोर-व्हील ड्राइव्ह खऱ्या अवघड वाटेसाठी. ऑल-व्हील ड्राइव्ह मुख्यतः निसरड्या रस्त्यासाठी. मागे ‘४×४’ची पट्टी चिकटवली म्हणून गाडी तशी होत नाही.

तिसरी रांग : मुलांच्या सीटसाठीचे ‘आयसोफिक्स’ हूक बहुधा मधल्या रांगेतच असतात. तिसरी रांग उघडून डिकीत किती सामान मावते, ते बघा.

डिझेल : प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२०पासून लागू. बीएस-६ डिझेल गाड्यांतला काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) फक्त गावातल्या गावात फिरवल्यास तुंबतो; बदलणे महागात पडते.

टायर : कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

पाण्यात बुडालेली गाडी : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गालिचा उचला. गाळाच्या रेषा, गंज, कुबट वास आढळला की सौदा थांबवा.

कागद
- मालकी बदल : फॉर्म २९ व ३०.
- कर्जाचा बोजा उतरवणे : फॉर्म ३५.
- परराज्यातली गाडी : तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), शिवाय महाराष्ट्राचा रोड टॅक्स. दिल्लीची स्वस्त गाडी इथेच महागते.
- विमा : खरेदीनंतर १४ दिवसांत नाव बदलण्यासाठी कंपनीकडे अर्ज.
- खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण.