शिवगंगेच्या काठचा स्नेह

महाशिवरात्रीच्या पर्वकाळी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगावच्या शिवालयांतून अभिषेकाची धार अखंड चालते. लोणारच्या सरोवराकाठची प्राचीन शिवमंदिरे असोत की एखाद्या खेड्यातील पिंपळाखालचा महादेव असो, बिल्वदल वाहणारे हात सर्वत्र सारखेच असतात. अशा या पुण्यदिवशी माझे मन दूर दक्षिणेकडे, तंजावरच्या बृहदीश्वराकडे धाव घेते. कारण त्या चोलकालीन मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला प्रदीर्घ लेख मराठी भाषेत आहे, आणि त्यात वर्णिलेल्या भोसले कुळाशी आपल्या सिंदखेडराजाचे निकटचे नाते आहे. सिंदखेडच्या जाधवांचे जामात शहाजीराजे. त्यांचे दुसऱ्या राणीपासून झालेले पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरची गादी स्थापिली. तो लेख कोरविणारे सरफोजीराजे त्याच गादीवरील परम शिवभक्त नृपती होत.

याच मंदिराला लागून शिवगंगा नावाचे तळे आहे, आणि त्या तळ्याजवळ १७७९ साली बांधलेले एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. त्यात इंग्लंडातील प्रख्यात शिल्पकार फ्लॅक्समन याने घडविलेले एक संगमरवरी शिल्प दिसते. मरणशय्येवर एक वृद्ध धर्मोपदेशक पहुडला आहे आणि मराठी राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. हे शिल्प स्वतः सरफोजीराजांनी घडवून आणविले. शिवभक्त राजाने एका पाद्र्यासाठी असे का करावे? वाचकहो, त्याचेच आख्यान आज लावावयाचे आहे.

सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाचा धर्मसुधारक होऊन गेला. आपल्या ज्ञानोबा-एकनाथांनी धर्मज्ञान गीर्वाणवाणीतून प्राकृतात आणिले, तद्वत त्याने बायबल लोकभाषेत आणिले. १५३४ साली ते समग्र छापून निघाले. देवळात केवळ पुरोहिताने गावे आणि इतरांनी ऐकावे हे त्यास मान्य नव्हते. म्हणून त्याने सर्वांनी मिळून म्हणावयाची पदे रचिली. याच पंथाचे उपदेशक १७०६ साली कावेरीच्या मुखाजवळील तरंगमबाडी या डेन्मार्ककरांच्या वसाहतीत उतरले. १७५० साली तेथे आला तो क्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा तेवीस वर्षांचा तरुण. पुढे अठ्ठेचाळीस वर्षे तो या भूमीत राहिला आणि येथेच देह ठेविता झाला.

त्याची राहणी एखाद्या विरक्त बैराग्यासारखी होती. तिरुचिरापल्लीस असता एका जुन्या वास्तूतील बिछान्यापुरती खोली, देशी पद्धतीने रांधलेला भात व भाजी, आणि अंगावर काळा रंगविलेला साधा सुती झगा, एवढाच त्याचा प्रपंच. तमिळ तर तो बोलेच. परंतु राजांशी दुभाष्यावाचून बोलता यावे म्हणून त्याने मराठीही आत्मसात केली. प्रातःकाळी सामुदायिक प्रार्थना व्हावी, मग त्याचे सहकारी शिक्षक-उपदेशक गावोगाव जावेत, सायंकाळी परत येऊन दिवसाचा वृत्तांत सांगावा, आणि पुन्हा पदे म्हणून दिवस संपावा, असा त्या मंडळीचा नित्यक्रम असे. आपल्याकडील काकडा आणि हरिपाठ ज्यांनी अनुभविला आहे त्यांना या दिनक्रमाचे मर्म वेगळे सांगावयास नको. दोष तेथेही होता. प्रार्थनेस बसताना जातीजातींची बैठक निराळी असे. आपल्या देवळांच्या पायऱ्यांनीही तेच पाहिले आहे. म्हणून कोणी कोणास हसू नये.

या माणसाच्या शब्दाची किंमत केवढी होती ती १७८१ साली दिसून आली. हैदरअलीच्या स्वारीने प्रदेश उजाड झाला होता. तंजावरच्या किल्ल्यात सैन्य व प्रजा अन्नावाचून तडफडत होती. धान्य बाहेर खेड्यांत होते; पण सरकारी कामगारांनी पूर्वी इतक्यांदा फसविले होते की कोणी गाडीभर भात द्यावयास तयार होईना. अखेर तुळजाजीराजांनी श्वार्ट्झकडे शब्द टाकिला. ‘तुमचा दाणा न दाणा मी चुकता करीन’ असे त्याने रयतेस कळविताच बैल आले, गाड्या आल्या, आणि सुमारे ८०,००० कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. कलम हे तिकडील धान्याचे मोठे माप होय. राजमुद्रेने जे घडले नाही ते एका निर्धन माणसाच्या शब्दाने घडले! आणि तो शब्द त्याने पाळिला.

परंतु सज्जनाचाही सल्ला कधी उलटा पडतो. १७८७ साली अंथरुणास खिळलेल्या तुळजाजीराजांनी सुमारे दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले व त्याचा हात श्वार्ट्झच्या हाती देऊन ‘याचा सांभाळ करा’ असे विनविले. राज्यकारभार हे आपले काम नव्हे असे जाणून श्वार्ट्झने राजबंधू अमरसिंगास पालक नेमावे असे सुचविले. राजांच्या पश्चात दत्तविधानावर आक्षेप निघाले. मुलगा आपल्या पित्याचा एकुलता, आणि एकुलता पुत्र दत्तक देऊ नये असे शास्त्रवचन. शिवाय त्याचे वयही अधिक, असे पंडितांनी सांगितले. कंपनी सरकारने गादी अमरसिंगास दिली. बालराजा बंदिवानासारखा कोंडला गेला, त्याचे शिक्षण थांबले. हे पाहून श्वार्ट्झ स्वस्थ बसला नाही. त्याने वारंवार दाद मागितली, आणि १७९३ साली मुलास व राजस्त्रियांस मद्रासेस पोहोचविले. तेथे मुलाचे शिक्षण पुढे चालले. पुढे काशी व बंगालकडील पंडितांनी दत्तक ग्राह्य ठरविला आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. तो सोहळा पाहावयास श्वार्ट्झ उरला नव्हता. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीच त्याने देह ठेविला होता. अंतकाळी प्राण गेला असे समजून जवळच्यांनी त्याचे आवडते पद आरंभिले, तो मृतवत पडलेला वृद्ध स्वतःच त्यांच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागला, असे सांगतात. कीर्तनकाराने याहून दुसरे मरण काय मागावे? अंत्यविधीस सरफोजी आले आणि लेकराप्रमाणे रडले. समाधिशिलेवरील इंग्रजी कवनही त्यांनी स्वतः रचिले.

आता खरे मर्म ऐका. ज्याच्या छायेत बालपण गेले त्याचा धर्म सरफोजींनी स्वीकारिला नाही. ते शिवभक्तच राहिले, काशीयात्रा करून आले, सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. श्वार्ट्झनेही आपला धर्म राजासाठी सौम्य केला नाही. त्याचाच दुसरा शिष्य वेदनायकम शास्त्री हा तमिळ ख्रिस्ती कवी सरफोजींचा स्नेही. तमिळ कुरवंजी नाट्याचा साज घेऊन शास्त्र्यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचिली. तोच साज घेऊन सरफोजींनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचून तीत पृथ्वीचा भूगोल गायिला. साज एक, विषय ज्याचा त्याचा. स्नेह मात्र अभंग.

बिल्वदलाची तीन पाने वेगळी असतात, देठ एकच असतो. राजा, उपदेशक आणि कवी हे तसेच एक त्रिदल होते, आणि दिल्या शब्दाचे पालन हा त्यांचा देठ होता. आपल्या शेजारीही ख्रिस्ती कुटुंबे नांदत आहेत. त्यांच्या दुखण्याखुपण्यास आपण जावे, आपल्या पारण्याच्या पंगतीस त्यांना बोलवावे. त्याने आपला शंकर उणा होत नाही. आज पिंडीवर बेल वाहताना त्या देठाचे स्मरण असावे, एवढीच भोळ्या सांबाच्या चरणी प्रार्थना.